ही जीभ कुणाची?

(वस्तीतल्या बुद्धविहारात युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. दोन-चार शिव्या संपादकांनी काढल्या. वाचकांनी त्या आपापल्या परीनं घालून घ्याव्यात.)



मला विषय दिला होता ‘दलित कविता आणि विद्रोहाची भाषा’. पत्रिकेवर तोच छापलाय. पण त्या विषयावर बोलणारे पीएच.डी.वाले पुष्कळ आहेत, आणि त्यांना मानधनही मिळतं. मी दहावी पास, गोदीत ठेकेदाराकडं काम करणारा माणूस. कविता लिहितो, पण दिवसाचे दहा तास जी भाषा माझ्या कानावर आदळते ती कवितेची नाही. ती दमाची भाषा आहे. म्हणून मी आज दमाबद्दल बोलणार. धमकी, धाकदपटशा. हात न लावता, नुसत्या तोंडानं माणूस कसा वाकवतात त्याबद्दल. आणि मग आपल्याबद्दल बोलणार. ते पुढं बसलेल्या काही जणांना आवडणार नाही. त्यांनी आत्ताच चहा पिऊन घ्यावा.

आधी एक गल्लत दूर करू. शिवी वेगळी, धमकी वेगळी. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा पांढरपेशांची मोठी तक्रार काय होती? यांची भाषा फार घाण आहे. त्याच वर्षी ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाल्यांचा लेख आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. लेखातला सवाल काय होता, तर दलित बाईच्या अब्रूची किंमत कायदा किती धरतो आणि झेंड्याच्या अपमानाची किती. सवाल राहिला बाजूला आणि शब्दांवर कल्ला झाला. अजून होतो. यांची पोरं शिव्या देतात म्हणे.

शिवी रागातनं येते. दिली की माणूस रिकामा होतो. बऱ्याचदा शिवी देणाऱ्याच्या हातात शिवीपलीकडं काही नसतंच. धमकी देणाऱ्याला राग यावाच लागत नाही. तो पान चघळत, हसत बोलतो, कारण त्याच्या पाठीमागं काहीतरी उभं असतं: जमीन, पाणी, फौजदार, गेटचा पास. शिवी तुम्हाला काही करायला लावत नाही. धमकी लावते, तेवढ्यासाठीच ती असते. (जातीवरनं दिलेली शिवी मी शिवीत धरत नाही. ती धमकीच. तुझी जागा कुठली ते विसरू नकोस, एवढाच तिचा अर्थ.)

गोदीतलं सांगतो. ठेकेदाराचं नाव घेत नाही. नावं बदलतात, वाक्यं तीच राहतात. आमचं आत जाणंयेणं पासावर, आणि पास निघतो ठेकेदारामार्फत. म्हणजे माझी भाकरी एका प्लास्टिकच्या कार्डावर आणि ते कार्ड मुकादमाच्या जिभेवर. आमचा मुकादम ओरडत नाही. तो म्हणतो, ‘‘काय कवी, पास संपत आलाय ना तुझा?’’ बस्स. आता यात धमकी कुठं आहे, दाखवा मला. जा पोलीस ठाण्यात आणि सांगा, साहेब, त्यानं मला पासाची तारीख विचारली. हवालदार हसेल. पण मी मात्र त्या दिवशी ओव्हरटाइमचे पैसे मागत नाही.

लोखंडाच्या कॉइली घेऊन जहाज लागतं. हॅच उघडल्यावर लगेच खाली उतरायचं नसतं. जहाजाच्या बंद पोटात लोखंड गंजतं, आणि गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. वास येत नाही, डोळ्याला दिसत नाही. माणूस शिडीनं उतरतो, खाली बसतो आणि उठत नाही. जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदाही १९८६ सालीच झाला. हवा खेळू द्यायची, तपासायची, मग माणूस उतरवायचा. पण जहाज धक्क्याला लागलं की तासातासाचा हिशेब सुरू होतो. मग मुकादम हॅचच्या काठाशी येऊन म्हणतो, ‘‘उतरायचं नसेल तर सांगा, गेटबाहेर माणसं उभी आहेत.’’ आणि टोळी उतरते. कायदा, अनुभव, घरी वाट बघणारी बायकोपोरं, सगळं त्या एका वाक्यात गुंडाळून समुद्रात.

हे आजचं नाही. पूर्वी गोदीत टोळीवाला होता. सकाळी गेटवर गर्दी, आणि तो बोट दाखवील तो कामाला, बाकीचे घरी. त्याला शिव्या द्यायची गरज नव्हती. नुसती मान फिरवली तरी माणूस आठवडाभर उपाशी. मग १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. नोंदणी आली, पाळी आली, हजेरी लावून काम नाही मिळालं तरी थोडे पैसे मिळायला लागले. त्यासरशी टोळीवाल्याच्या जिभेतलं विष उतरलं. कुणी त्याला सभ्यपणा शिकवायला गेलं नव्हतं. त्याच्या बोटाखालची भाकरी काढून घेतली, एवढंच. पुढं कंत्राटदारीच्या मागल्या दारानं तीच बोटं परत आली आणि त्यांच्याबरोबर तीच जीभ.

आमच्या टोळीत एक म्हातारे आहेत. तात्या म्हणतो आम्ही त्यांना. मुकादमानं परवा तेच वाक्य टाकलं, बाहेर माणसं उभी आहेत. तात्या काठावर बसले आणि म्हणाले, ‘‘मुकादम, क्रेनच्या आवाजात ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला. नाही उतरलो तर काय करणार, ते सगळ्यांना सांगा.’’

मुकादम म्हणाला, ‘‘मी कुठं काय म्हणालो?’’

‘‘मग आम्ही अर्धा तास बसतो,’’ तात्या म्हणाले.

बसलो. अर्धा तास गेला. जहाज काही पळून गेलं नाही.

तात्यांनी काय केलं त्याचा मी खूप विचार केला. त्यांनी त्याला वाक्य पुरं करायला लावलं. धमकी नेहमी अर्धी असते. ‘बघून घेईन’, म्हणजे काय बघणार? ‘पुढचं मग माझ्यावर नाही’, म्हणजे पुढचं काय? ‘आमची पोरं तापलीत, आम्ही तरी किती आवरणार?’ ही तर सगळ्यात हरामी, कारण हिच्यात धमकी देणारा स्वतःच शांततेचा पुजारी होऊन बसतो. उरलेलं अर्धं आपण आपल्या डोक्यात लिहितो. आपली भीती ते त्याच्यापेक्षा फार चांगलं लिहिते. त्यानं ‘बघून घेईन’ म्हटलं की आपल्याला घर जळताना दिसतं.

पण तात्यांच्या मागं आम्ही अकरा जण बसलो होतो, हे विसरू नका. एकट्या माणसानं ‘‘मोठ्यानं बोला’’ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचा पास गेला असता. एकट्यानं छाती काढायची शिकवण मी देत नाहीये. ती सिनेमात ठीक.

आता गावाकडं चला, कारण ही अर्धी वाक्यं मुकादमानं शोधलेली नाहीत. ती वेशीवर जन्माला आली. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला तरी तळ्यावर आपलं कुणी गेलं नाही. का नाही गेलं? तळ्याला बंदूकवाला पहारेकरी होता काय? नव्हता. तळ्याभोवती एक न बोललेलं वाक्य उभं होतं: जाऊन तर बघा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले, तेव्हा ते वाक्य पुरं झालं. ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी अफवा सोडली आणि लाठ्या घेऊन माणसं आली. म्हणजे ते वाक्य पोकळ नव्हतं. पण तीन वर्षं एकही लाठी न उगारता त्यानं काम केलं होतं, हे बघा.

या गोष्टीचं मर्म बाबासाहेबांनी ओळखलं तसं दुसऱ्या कुणी ओळखलं नाही. १९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिच्यात सभासद होते. १९३० साली अहवाल आला. त्यात बहिष्काराबद्दल जे आहे ते वाचा एकदा. अस्पृश्यानं जमिनीचा तुकडा घेतला, अंगावर बरे कपडे घातले, नवरदेव घोड्यावर बसवून रस्त्यानं नेला, की गाव बहिष्कार टाकतं. रोजची पायवाट बंद, वाणी मीठ-मिरची द्यायचा बंद. भूमिहीन माणूस, त्याच गावात मजुरी, त्याच गावात उधारी. त्याला आणखी कसली बेडी हवी?

त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढं बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी राजकीय संरक्षणाच्या मागण्यांचं पत्र ठेवलं. मतदारसंघाचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच कागदात बहिष्काराविरुद्ध गुन्ह्यांची मागणी आहे, आणि ती तोडून तोडून केलीय. बहिष्कार टाकणं हा गुन्हा. त्याला चिथावणी देणं हा गुन्हा. आणि बहिष्काराची नुसती धमकी देणं, हा वेगळा गुन्हा. ब्रह्मदेशात १९२२ साली बहिष्काराविरुद्ध कायदा झाला होता, त्यावरनं हा मसुदा घेतला होता. हा माणूस किती खोल बघत होता याचा अंदाज करा. गावाला बहुतेक वेळा बहिष्कार टाकावाच लागत नाही. चावडीवर बोलून भागतं. म्हणून बोलण्यालाच हात घातला.

मग हे कायद्यात उतरलं कधी? अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. त्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं अथवा तशी धमकी देणं हे स्पष्ट शब्दांत आलं २०१५ च्या दुरुस्तीनं, आणि लागू झालं २६ जानेवारी २०१६ ला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदा २०१६ चा, अंमल २०१७ पासनं. १९३० मधून मोजा. दोन पिढ्या मेल्या त्यात.

आणि कायद्याला कान किती, तेही ऐकून ठेवा. साधी धमकी पूर्वी पीनल कोडात ५०३ आणि ५०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासनं ती न्यायसंहितेच्या ३५१ मध्ये आहे. साधी असेल तर दोन वर्षांपर्यंत, जिवे मारायची असेल तर सात वर्षांपर्यंत, निनावी असेल तर वर आणखी दोन. अ‍ॅट्रॉसिटीत जातीवरनं शिवी दिली, अपमान केला, धमकावलं, तर त्या कलमाला एक अट आहे: लोकांच्या नजरेसमोर घडलं पाहिजे. २०२० साली उत्तराखंडच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना बोललं गेलं तर ते कलम लागत नाही. आपल्या पोरांना हे माहीत नाही. पाटलाच्या वकिलाला पक्कं माहीत आहे. म्हणून आता ओट्यावर कुणी धमकी देत नाही. माणसाला घरात बोलावतात. ‘‘ये, आत ये, बस. चहा घे.’’ ज्या घरात तुमच्या आज्याला अंगणाच्या पुढं पाय ठेवू दिला नाही, तिथं तुम्हाला खुर्ची मिळते. अशी खुर्ची मिळाली की समजा, आता अर्धं वाक्य येणार. बहिष्काराच्या धमकीला आणि ३५१ ला ही नजरेसमोरची अट नाही. ते ठाण्यात फौजदाराला आपणच सांगावं लागतं, कागद दाखवून. म्हणून म्हणतो, वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, आणि शब्द जसेच्या तसे. ‘दम दिला’ असं लिहू नका. काय म्हणाला ते लिहा.

२०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. शाळेतनं मारत नेलं असा खटला होता. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातनं आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. कुणी कुणाला काय म्हटलं हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की साक्षीदाराला साक्षीआधीही त्याच गावात राहायचं होतं आणि साक्षीनंतरही. साक्षीदारांना धमकी, दबाव, आमिष यांपासून सांभाळणं ही सरकारची जबाबदारी, असं अ‍ॅट्रॉसिटीच्या १५-अ कलमात लिहिलंय. पण खेड्यातल्या साक्षीदाराच्या दाराशी रात्री कोण उभं असतं? कलम तर उभं राहत नाही.

आता आपल्याकडं येतो.

एप्रिल आला की पावतीपुस्तकं निघतात. जयंती आपली, वर्गणी आपली, मी स्वतः फिरतो. पण गेल्या साली माझ्या डोळ्यांदेखत काय झालं ते सांगतो. नाक्यावर भजीची गाडी लावणारी एक मावशी आहे. आपलीच. नवरा नाही, पोरगी बारावीला. आपली पाच पोरं गेली, निळे फेटे बांधून. पाचशेची पावती फाडली. मावशी म्हणाली, शंभर घ्या रे पोरांनो, धंदा नाही. त्यातला एक म्हणाला, ‘‘मावशी, धंदा इथंच करायचाय ना?’’

ऐकलंत? परत ऐका. धंदा इथंच करायचाय ना. राहायचं याच गावात आहे ना. पास संपत आलाय ना. सगळी एकाच आईची लेकरं. त्या पोराला वाटलं तो पँथरची भाषा बोलतोय. अरे बाबा, ती खोताची भाषा आहे! ती तुझ्या पणज्याच्या पाठीवर पडलेली भाषा आहे. फेटा निळा आहे म्हणून जीभ निळी होत नाही. पलीकडच्या टेलरचाचानं तर तोंड न उघडता हजार काढून दिले. आपली पोरं खूश. तो का दिला, हे कुणी विचारलं नाही. त्यानं आपलं अर्धं वाक्य आपल्या आधीच पुरं केलं होतं.

आमच्यातले काही म्हणतील, तू फार मऊ झालास. दबावाशिवाय कोण हलतं? खरंय, दबाव पाहिजेच. पण संपाची नोटीस वाचलीय कुणी? तिच्यात मागणी असते, तारीख असते, त्या तारखेपर्यंत नाही दिलं तर आम्ही काय करणार ते असतं, आणि खाली सह्या असतात. वाक्य पुरं असतं. ती भिंतीवर चिकटवता येते. आणि ती वरच्याला द्यायची असते. भजीवाल्या मावशीला कुणी संपाची नोटीस देतं काय?

दुसरी गोष्ट याहून जड आहे. एका गावात आपलं एक घर आहे. केस चालू आहे म्हणून गाव सांगत नाही. पोरीची छेड काढली, बापानं फिर्याद दिली. लगेच चहाला बोलावणं आलं. ‘‘मिटवून टाक. पोरीचं लग्न व्हायचंय अजून. आमची पोरं तापट आहेत.’’ बाप हादरला, केस मागं घ्यायच्या गोष्टी करायला लागला. हे मुंबईत कळलं तसे आपले कार्यकर्ते जीप करून गेले. तिथं जाऊन काय म्हणाले? ‘‘केस मागं घेतलीस तर समाजात तोंड दाखवू देणार नाही. गद्दार म्हणून फोटो छापू. बघून घेऊ.’’

मी नंतर गेलो होतो त्या घरी. बाप काही बोलला नाही. त्याची बायको चुलीपाशी बसली होती, ती बोलली: ‘‘बाबा, ते पण बघून घेऊ म्हणतात, तुम्ही पण बघून घेऊ म्हणता. राहतो आम्ही इथं. तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?’’

तिला काय उत्तर द्यायचं? पोस्टर देऊ? कविता देऊ? त्या माणसाला दोन धमक्यांच्या मधे उभा करून आपण म्हणतो, ताठ उभा राहा. गावच्या धमकीमागं विहीर आहे, मजुरी आहे, पीठगिरणी आहे. आपल्या धमकीमागं काय आहे, तर चार निळे झेंडे आणि एक मासिक. आपण दम देण्याच्या शर्यतीत त्यांना हरवूच शकत नाही. त्यांची जीभ उसनी घेतली तरी त्यांची जमीन आपल्याला कोण उसनी देणार? तो बाप आपल्या दमानं उभा राहणार नाही. तो उभा राहील तो मजुरी बंद झाली तर महिनाभराचं धान्य घरात आहे म्हणून, आणि रात्री ओसरीवर आपली चार माणसं झोपलेली आहेत म्हणून. आमची अकरा जणांची टोळी तात्यांच्या मागं बसली होती तशी.

तेव्हा जयंती समितीपुढं माझं एक म्हणणं आहे. पावती फाडायला दोनापेक्षा जास्त पोरं जाऊ नयेत, आणि देणाऱ्यानं सांगितला तोच आकडा लिहावा, दहा रुपये असले तरी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्याशी भांडावं, मी इथंच आहे. टेलरचाचाचे हजार परत करायचे की नाही, यावर मतदान घ्या.

आणि त्या गावची तारीख पुढच्या सोमवारी आहे. तीन साक्षी व्हायच्यात. शनिवारी रात्री एस.टी.नं निघायचं, सोमवारी साक्ष झाल्यावर संध्याकाळी परत. रात्री ओसरीवर झोपायला चार माणसं हवीत, त्यातलं एक बरं अक्षर असलेलं, वहीसाठी. कुणी गावात आवाज चढवणार नाही, दारू घेणार नाही, फेटे बांधणार नाही. चाळीस किलो ज्वारी न्यायचीय, तिचे पैसे टोळीनं जमवलेत. माझी सुट्टी मुकादमाकडं सांगून झाली. तो म्हणाला, ‘‘पास संपत आलाय ना तुझा?’’ मी म्हटलं, हो, तीस तारखेला.

तीन नावं हवीत. कागद मागच्या रांगेतनं फिरवतोय.